अठ्ठ्याऐंशी तबकड्या आणि माझं एक पत्रक

मामा,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. लोकांना त्याचं नवल वाटलं. जिच्या हातातून माईक ओढून घ्यावा लागतो ती रेणू सतरंजीवर मान खाली घालून बसलेली. शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर तुमचा फोटो होता. एकेक माणूस उठत होता आणि सांगत होता, नरहरी काटेवाले साधे होते, मनमिळाऊ होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला बसल्या जागी राग येत होता. साधे? तुम्ही? चार ग्रॅमच्या फरकासाठी पेडगावच्या बाजारात तुम्ही एका भुसार व्यापाऱ्याला गिऱ्हाइकांसमोर उभं केलं होतं आणि म्हणाला होता, "काटा मी नीट करून देतो, तुमचा अंगठा कोण नीट करायचा?" असा माणूस अध्यात ना मध्यात?

उठून हे सांगायला हवं होतं. पण मला त्याआधी दुसरंच काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून इथं लिहिते आहे. सरळ लिहिते.

तुमच्या तबकड्या शाळेच्या कोठीत कुलपात गेल्या त्या माझ्यामुळे. हे गावाला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं. त्यानंतर पाच महिने तुम्ही आमच्या घरी येत राहिलात, आपण समोरासमोर बसून चहा पीत राहिलो, आणि या विषयावर दोघांपैकी कुणीही एक शब्द काढला नाही. मी वाट बघत होते, तुम्ही कधीतरी भांडाल. तुम्ही कशाची वाट बघत होता, ते मला तुम्ही गेल्यावर कळलं.

त्या तबकड्या आल्या तेव्हा गावात कुणालाच त्या कळल्या नव्हत्या. खालच्या आळीतला विष्णू परदेशात नोकरीला. बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा एक मोठी बॅग भरून घेऊन आला. तिकडं डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे म्हणे. काठी नाही, चेंडू नाही. ताटलीएवढी प्लास्टिकची तबकडी फेकायची आणि लांब रोवलेल्या साखळ्यांच्या टोपलीत कमीत कमी फेकींत पाडायची. विष्णूच्या क्लबजवळ तळं आहे, खेळताना तबकड्या त्यात पडतात. वर्षातून एकदा त्या काढतात. ज्यांच्या पोटावर मालकाचं नाव लिहिलेलं असतं त्या परत जातात. ज्यांच्यावर नाव नाही, शिक्का पुसला गेलाय, त्या कुणीच न्यायला येत नाही. तसल्या अठ्ठ्याऐंशी त्यानं शाळेला दिल्या. हार झाले, फोटो झाला. विष्णूनं पोरांना एक दुपार खेळ दाखवला आणि तो गेला.

मग पोरांनी आठ दिवस त्या वाट्टेल तशा फेकल्या. एक चाळीस पावलं जायची, दुसरी पायाशीच आपटायची, तिसरी वळून फेकणाऱ्याच्याच डोक्याकडं यायची. कंटाळली पोरं. तबकड्या घरोघर पांगल्या. कुणी रांजणावर झाकण म्हणून ठेवली, कुणी कोंबड्यांना पाणी पाजायला घेतली. आमच्या आईनं एकीत लसूण सोलून ठेवायला सुरुवात केली होती.

तुम्ही आईकडे आलात, लसूण ताटात ओतला आणि तबकडी एका बोटावर तोलून धरली. मला आठवतंय, मी आमच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत बसले होते.

"अक्का, ही झाकण न्हाई," तुम्ही म्हणालात. "हिचं वजन मधी न्हाई, कडंला हाय. कुणीतरी हिशेबानं केलेली वस्तू हाय ही."

"मग घेऊन जा की," आई म्हणाली. "माझा लसूण तेवढा उन्हात सांडू नको."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरोघर फिरून तबकड्या गोळा केल्या. एका कोंबडीवालीनं बदल्यात पितळी वाटी मागितली आणि तुम्ही दिली, त्यावरून मामी तुमच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

तुमचं काम मला लहानपणापासून पाठ होतं. पालम, पेडगाव, जिंतूर, एसटीनं बाजार फिरायचे, व्यापाऱ्यांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचे. शिक्का झिजलेलं लोखंडी माप हातात घेऊन तुम्ही सांगायचा, हे किती वर्षांचं, कुठून घासलेलं, कुणी मुद्दाम घासलेलं. आता बाजारात बॅटरीचे काटे आले. ते बिघडले की लोक फेकून देतात. तुमच्या ओसरीवर लोखंडी दांड्या, पारडी आणि साखळ्या पडून असायच्या. मला वाटलं, मामांना उद्योग नाही म्हणून हा नाद लागला. मला तसं वाटलं, हे लिहून ठेवते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तुम्ही काय करत होता ते मी येता जाता बघत होते, पण बघत नव्हते. आधी मामीनं सगळ्या तबकड्या राखेनं घासून धुतल्या. तळ्यात राहून काही दुधासारख्या गढूळ झाल्या होत्या, त्या तुम्ही पत्र्यावर उन्हात ठेवल्या आणि पंधरा दिवसांत त्या काचेसारख्या निवळल्या. मग सराफाच्या बारीक काट्यावर एकेकीचं ग्रॅममध्ये वजन. मग कड. तबकडीची सगळी जात कडेत असते, असं तुम्ही म्हणायचा. रुंद आणि धारदार कड म्हणजे लांब जाणारी. जाड, बोथट, खोल कड म्हणजे टोपलीजवळ येऊन हळूच टाकायची. अधली मधली म्हणजे मधली. पण झिजलेल्या कडेचा आकार डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तुम्ही मामीची मळलेली कणीक उचललीत. गोळ्यात कड दाबायची, गोळा ब्लेडनं उभा कापायचा आणि ठशाची रेघ कागदावर पेन्सिलीनं काढायची.

"काय करायलाव हो?" मामी चुलीजवळून ओरडली होती. "पोळ्या करू का तुमच्या चकत्यांचे पाय दाबू?"

"एक गोळा दे गं. एकच."

"सकाळपासून सहा एकच झाले."

पुसलेला शिक्का बघायला तुम्ही अंगाला लावायची पावडर फासायचा आणि तबकडी तिरप्या उन्हात धरायचा. गेलेल्या अक्षरांच्या खोलगट रेघांत पावडर बसायची. कधी अर्धं अक्षर, कधी एक आकडा. रविवारी विष्णूचा फोन आला की त्याला ठशांचे फोटो दाखवायचे. तो म्हणायचा, मामा, तिकडचे जुने खेळाडूही इतकं करत नाहीत हो. तुम्ही फुगायचा, आणि फुगलो नाही असं दाखवायचा.

शेवटी माळावर नेऊन तीन तीन फेकी. सकाळी, वारं पडलेलं असताना. एकदा मी वही धरायला आले होते. एक लाल तबकडी सरळ गेली आणि मी म्हणाले, "लिहू का, सरळ जाणारी?"

"उडण्यावरून लिहू नको. आपटून आपटून तिची चाल बदललेली असती. नवी व्हती तवा ती डावीकडं पडत आसंल. आधी कड बघ."

"म्हणजे दिसतं ते खरं नाही?"

"दिसतं ते आजचं हाय, रेणू. ती कोण हाय ते इचारायलोय मी."

कंपन्यांची इंग्रजी नावं तुमच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून तुम्ही तबकड्यांना गावातली नावं दिली. वर जाऊन वरच थांबणारी तहसीलदार. भिरभिरत कुठंही जाणारी सोपान कंडक्टर. आणि एक पिवळी होती, जोरात निघायची, लय लांब जायची आणि शेवटी हटकून डावीकडे आपटायची. ती मी. पोरींसमोर तुम्ही ते मोठ्यानं सांगितलंत आणि मी चिडले, म्हणून तुम्ही आणखी दोनदा सांगितलंत.

त्या पोरींबद्दल मला आधी बोलायला हवं होतं. तराजूच्या जुन्या साखळ्या सायकलच्या रिंगला टांगून, खाली पारडं बांधून तुम्ही माळावर तीन टोपल्या उभ्या केल्यात. शाळेचं पटांगण क्रिकेटवाल्या पोरांनी अडवलेलं. पोरींना मैदान मिळावं म्हणून आम्ही दोन वर्षं निवेदनं देत होतो, मी स्वतः सात दिली. आणि माळावर शेळ्या चारायला येणाऱ्या पोरी तुमच्या टोपल्यांत तबकड्या टाकायला लागल्या. कुणाला निवेदन न देता. साखळीत तबकडी पडली की जो खळ्ळ आवाज व्हायचा, त्यानं शेळ्या आधी बुजायच्या, मग सवयीच्या झाल्या. एक पोरगी दुसरीला म्हणत होती, "आगं माय, हिला मनगटानं टाक, भाकर थापायल्यावानी दाबू नको." मी ते ऐकलं. मला बरं वाटलं. आणि खरं सांगू का, थोडं वाईटही वाटलं. माझ्या सात निवेदनांनी जे झालं नाही ते तुमच्या तीन टोपल्यांनी झालं होतं.

आपलं भांडण तेव्हाच सुरू झालं. मी म्हणाले, खेळाचा नियम आहे ना, तबकडीच्या पोटावर नाव लिहायचं, मग पोरींची नावं लिहा आणि वाटून टाका. तुम्ही म्हणालात, "आधी ती काय हाय ते कळू दे. मग कुणाची ते लिहू."

"तोवर पोरी म्हाताऱ्या होतील."

"होऊ दे की. म्हाताऱ्या बायांनी खेळू नये का?"

"मामा, लोकांना गरज आज आहे. तुम्हाला सगळं माहीत होईपर्यंत कुणी थांबणार नाही."

"तुझ्यासारखं सगळं आधीच माहीत आसलं आस्तं तर मीबी थांबलो नसतो."

मी उठून गेले. हे भांडण तिथंच राहिलंय. त्यात तुमचा मुद्दा बरोबर होता असं मी आज डोळे झाकून म्हणणार नाही, तुम्हाला ते आवडणारही नाही. त्या पोरींचं लग्नाचं वय आपल्या गावात कधी सुरू होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना थांबायला वेळ नसतो. पण मी त्यानंतर जे केलं ते या मुद्द्यापायी केलं नाही, घाईपायी केलं.

शाळेच्या खेळसाहित्यावर पत्रक काढायचं ठरलं होतं. मागणी होती कबड्डीच्या मॅटची, पटांगण सपाट करण्याची, पोरींच्या वेगळ्या तासाची. काहीच आलं नव्हतं. आणि शाळेच्या भिंतीवर हार घातलेल्या त्या बॅगेचा फोटो. माझं डोकं फिरलं. तो राग खोटा नव्हता. आजही मी तो सोडलेला नाही. सरकारनं द्यायचं ते दिलं नाही आणि कुणाची तरी टाकून दिलेली चीजवस्तू घेऊन फोटो काढले, याची चीड यायलाच पाहिजे.

पण पत्रकाला मथळा लागतो. मी लिहिला: 'परदेशातला कचरा, परभणीच्या लेकरांना खेळणी!' खाली लिहिलं: 'या तबकड्यांवर नाव नाही, शिक्का नाही, प्लास्टिक कसलं ते कुणालाच माहीत नाही.'

मामा, ते वाक्य तुमचं होतं. शब्दाला शब्द. आमच्या ओसरीवर पहिल्या दिवशी तुम्ही आईला म्हणाला होता, "नाव न्हाई, शिक्का न्हाई, प्लास्टिक कसलं ते कुणालाच माहीत न्हाई. आता बघतो." मी 'आता बघतो' एवढं काढून टाकलं आणि बाकीचं छापलं. तुम्ही चार महिने खपून त्यातल्या शहात्तर ओळखल्या होत्या. तुमचं घर आमच्या घरापासून तिसरं. मी विचारायला आले नाही. पत्रक गुरुवारी छापायला जायचं होतं.

पत्रक गाजलं. आमच्या पत्रकांपैकी इतकं कुठलंच गाजलं नव्हतं. वरून कुणीतरी साहेब आले, बघून गेले, तोंडी सांगून गेले की हे बंद करा. तिसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई हातगाडी घेऊन तुमच्या दारात आला. मी आमच्या दारातून बघत होते. तुम्ही एकेक तबकडी मोजून गाडीवर ठेवलीत, कडेला कड लागू नये म्हणून मध्ये कागद घालून. शिपाई म्हणाला, "काका, टाका की पटापटा, कचराच हाय." व्यापाऱ्याचा अंगठा भर बाजारात उघडा पाडणारा माणूस त्या दिवशी गप्प बसला. गाडी आमच्या दारावरून गेली. तुम्ही वर पाहिलंत की नाही, मला माहीत नाही, कारण मी आत गेले होते.

पोरी आठ दहा दिवस माळावर आल्या. रिकाम्या साखळ्यांवर दगड मारून आवाज काढायच्या. मग त्या यायच्या बंद झाल्या.

आपली शेवटची भेट पालमच्या बसस्टँडवर. तुम्ही बाजार करून परत निघाला होता, पायाशी औजारांची पेटी. मी पोरींच्या एसटीच्या फेऱ्या कमी केल्याचं पत्रक वाटत होते. तुम्ही एक मागून घेतलंत आणि उभ्या उभ्या सगळं वाचलंत. बसस्टँडवर आख्खं पत्रक वाचणारा माणूस मी तुमच्याशिवाय बघितला नाही.

"छपाई चांगली हाय," तुम्ही म्हणालात. मग बोट ठेवलंत. "हे दुसऱ्या परिच्छेदातलं कुणाला इचारून लिवलंस?"

"सगळ्यांना माहीत आहे ते, मामा."

"सगळ्यांला मंजी कुणाला?"

मला कळलं होतं तुम्ही कुठल्या पत्रकाबद्दल बोलताय. तुम्ही दार उघडून दिलं होतंत. मी म्हणाले, "तुमची गाडी लागली बघा." तुम्ही पत्रकाची घडी करून खिशात ठेवलीत, पेटी उचललीत आणि गेलात. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पत्रकं वाटली.

त्यानंतर नवव्या दिवशी फोन आला.

तुमच्या दहाव्यानंतर मामीनं मला तुमची वही दिली. रडत नव्हती. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तुला येतंय, पण तू वाचत न्हाईस." मामी असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला नक्की माहीत असणार.

वही मी घरी आणून एका बैठकीत वाचली. 'सतरावी. निळी. १७१. कड रुंद. लांबची. तहसीलदार.' 'एकोणतिसावी. आधी दुधाळ, उन्हानं साफ. १६८. मधली.' 'एकसष्टावी. काळी. १७४. कड कशातच बसंना. विष्णूलाबी कळंना. माहीत न्हाई.' असं 'माहीत न्हाई' बारा ठिकाणी आहे. प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलंय, नीट अक्षरात. मी माझी जुनी सगळी पत्रकं काढून बघितली. त्यांत हे दोन शब्द एकदाही सापडले नाहीत.

शेवटच्या पानावर हातगाडीच्या दिवसाची नोंद आहे. माझं नाव शोधत मी ती वाचली. शिवी असेल, निदान दुखावल्याचा एखादा शब्द असेल. तुम्ही लिहिलंय: 'आज शाळेनं नेल्या. अठ्ठ्याऐंशी. चव्वेचाळिसावीच्या कडंला चीर हाय, ती लेकरांना देऊ नये, हात कापंल. रेणूनं लिवलंय प्लास्टिक कसलं. ते तपासायचं राहिलं व्हतं. विष्णूला इचारणे.'

एवढंच. माझ्या पत्रकातला सगळा आरडाओरडा बाजूला ठेवून त्यातला एकच खरा प्रश्न तुम्ही उचललात आणि तो आपल्या कामाच्या यादीत लिहून ठेवलात. माझं लिहिलेलं इतकं काळजीपूर्वक आजवर कुणी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांकडे गेले. त्यांनी मला बघून आधी दोन्ही हात वर केले. "ताई, आता नवीन कायी काढू नका. कोठी पाडायलेत, सोमवारी भंगारवाला येणार हाय. जातील त्या तुमच्या तबकड्या एकदाच्या."

"सर, त्या द्यायच्या नाहीत. माझं चुकलं होतं."

हेडसरांनी हात खाली घेतले. मग म्हणाले, "तुमचे मामा चारदा आले व्हते. किल्ली मागायचे. मी म्हन्लो, काका, पोरीनं बदनाम केलं तुमाला अन् मलाबी. तर माझ्यावरच तापले. म्हन्ले, पोरीनं इचारलं ते बराबर हाय, तपासल्याबिगर लेकरांच्या हातात काय द्यायचं न्हाई. तपासून मी लेखी देतो, तवर फेकू नका. त्यांच्या शब्दावर ठिवल्या व्हत्या आजवर. आता लेखी कोण देणार?"

मी म्हणाले, मी देते. तोंडातून निघून गेलं, नेहमीसारखं. कोठीच्या दारात उभी राहिल्यावर कळलं की मला काहीच येत नाही.

संघटनेत मी आधीच सांगून टाकलं होतं की पत्रकाचा खुलासा काढणार. आमचे एक जुने साथी म्हणाले, एकदा माघार घेतली की लोक पुढचं पत्रक वाचत नाहीत. मी म्हणाले, एक माणूस वाचायचा, त्याच्यासाठी काढते. खुलासा शुक्रवारी छापायला गेला. त्यात लिहिलंय की मॅटची, मैदानाची मागणी कायम आहे. आणि तबकड्यांबद्दल मी न विचारता लिहिलं, ते चूक होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर कोठी उघडली. विष्णूला मी आदल्या दिवशी फोन केला होता. कुठलं प्लास्टिक कसं ओळखायचं, कुठलं उन्हात चिरतं, सगळं लिहून घेतलं होतं. तबकड्या तशाच होत्या, वहीतल्याच क्रमानं, मधले कागदसुद्धा. मी वही उघडून पहिली हातात घेतली, उलटसुलट केली आणि वहीत बघायच्या आधीच म्हणाले, "लांबची."

"जवळची हाय ती," मागून आवाज आला. मामी दारात उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं.

"वहीत बघा," हेडसर म्हणाले. वहीत जवळची होती.

"मामी, तुम्हाला कसं कळलं?"

"राखेनं कुणी घासल्या? सगळ्यांच्या कडंवरून हात फिरलाय माझा." ती फतकल मारून बसली. "दे इकडं. तू वाच, मी सांगते."

तीन तास लागले. मामी बोटं फिरवून सांगायची, मी वहीशी ताडून बघायची, हेडसर तक्त्यात लिहायचे. मामी फक्त दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा म्हणाली की चुकी वहीची हाय. पिवळी हातात आली तेव्हा थांबली. "ही तू," म्हणाली आणि बाजूला ठेवली, हलकेच. चिरलेली चव्वेचाळिसावी वेगळी काढली. विष्णूच्या सांगण्यावरून आणखी तीन काढल्या, त्यांचं प्लास्टिक ठिसूळ झालं होतं. म्हणजे मामा, माझ्या पत्रकात चार तबकड्यांपुरतं खरं होतं. अठ्ठ्याऐंशीत चार. तुम्ही असता तर हा आकडा तुम्ही मला रोज ऐकवला असता, आणि मी तो आनंदानं ऐकला असता.

बारा तबकड्यांपुढे हेडसरांनी विचारलं, "काय लिहू? कायीतरी लिहा की, कोण बघायलंय?"

मी म्हणाले, माहीत नाही असं लिहा. पूर्ण लिहा.

हेडसर सोमवारपासून पोरींना देणार म्हणालेत. पोटावर नावं त्यांनी स्वतः लिहायची, असं मी ठरवून टाकलं. तुम्हाला विचारलं नाही. यावर आपलं भांडण झालं असतं.

शेवटी हेडसरांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. तळाला रकाना होता, तपासणाऱ्याचं नाव. मी पेन घेतलं आणि तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मामीनं मला विचारलं, काय लिवलंस, आणि मी वाचून दाखवलं. तिनं पदर नीट केला.

हेडसरांनी चष्मा काढला. फार हळू बोलले, आजवर माझ्याशी इतकं हळू ते बोलले नव्हते. "ताई, मयत माणसाचं नाव चालत न्हाई हो. उद्या कुणी इचारलं तर जबाब कोण देणार? तुमचं टाका."

खोडरबर चालणार नव्हतं, पेन शाईचं होतं. पट्टी शोधली, सापडली नाही. मामा, तुमच्या नावावर मी हातानंच रेघ मारली आणि खाली माझं लिहिलं. रेघ सरळ आली नाही.